पहिला क्लिक फुकट

३ नोव्हेंबर, सोमवार

फोर्टात जाऊन आलो. रिपेअरवाल्याने माझा डीएसएलआर कॅमेरा कानाशी धरला, दोनदा दाबला आणि तोंड पाडून सांगितलं की शटर कधीही जाईल. बदलून दे म्हटलं. म्हणे पार्ट येणं बंद झालंय. वर हसून: "अब मिररलेस ले लो साब, सब लोग ले रहे हैं." सब लोग. सब लोक तर लग्नात ड्रोन उडवतात आणि अक्षता पडायच्या आधी नवरानवरीला धुरात उभं करतात. त्या सब लोकांत मला मोजू नये.

घरी येतो तर कन्या पेढे घेऊन उभी. अंधेरीच्या एका वेडिंग कंपनीने नोकरी दिली. कन्येला यापुढे या वहीत के. म्हणण्यात येईल. पूर्ण नाव लिहावं असं तिने या महिन्यात काही केलेलं नाही.

पेढा खाल्ला. बरा होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

के.ची अट. मिररलेस घेतला तर ती अंधेरीला नाही म्हणणार आणि लालबागच्या आमच्या दुकानात माझ्याबरोबर उभी राहणार. डीएसएलआरच धरून बसलो तर ती उदयपूरला, जयपूरला, जिथे श्रीमंत लोक पाहुण्यांना विमानाने नेऊन लग्न लावतात तिथे. अंधेरीला उत्तर १ डिसेंबरला द्यायचंय. तोवर एक मिररलेस भाड्याने आणणार आहे, तो परत करायची तारीखही तीच. म्हणजे सगळं ठरवून आलीय.

"पप्पा, हा ब्लॅकमेल नाहीये." म्हणजे ब्लॅकमेलच.

मी म्हटलं, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. तिला लहानपणापासून माहीत आहे. सहल, कुत्रा, नवी सायकल, सगळ्यांना बघूच मिळालेलं आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ही म्हणाली निदान कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन मिररलेस हातात तरी घ्या. घेतला. काउंटरवर कोरीव दाढीचा एक इसम. विचारतो, "सर कंटेंट क्रिएट करता का?" म्हटलं लग्नाचे फोटो काढतो. म्हणे सेमच.

डोळा लावला तर आत छोटा टीव्ही. माणूस नाही, माणसाचं प्रक्षेपण. माझ्या कॅमेऱ्यात उजेड नवरीच्या गालावरून निघतो, भिंगातून येतो, आरशावर आपटतो आणि थेट माझ्या डोळ्यात. मध्ये दलाल नाही. इथे आरसाच काढून टाकलाय. एक चिप बसवलीय, ती ठरवणार मला काय दिसतं. आणि हिरवी चौकट घेऊन माणसांच्या डोळ्यांमागे धावते. इसम म्हणाला, "सर, हा डोळा ओळखतो." मीही ओळखतो. इतकी वर्षं करतोय काय?

वजन तर काहीच नाही. हातात घेतल्यावर साबणाची वडी धरल्यासारखं वाटलं. लग्नात मोठा कॅमेरा पाहून लोक वाट देतात, याला कोण देणार? पुढे कुणाचा तरी काका उभा राहील आणि म्हणेल, जरा बाजूला हो रे बाळा.

किंमत ऐकून चष्मा पुसला आणि बाहेर पडलो.

९ नोव्हेंबर, रविवार

परळचा पेडणेकर आला. धंद्यातला हा एकच माणूस ज्याला मी स्वतःहून चहा विचारतो. गणपतीत मिररलेस घेतल्यापासून गळ्यात ताईत घातल्यासारखा घालून फिरतो, मासळी आणायला जातानाही. कौतुकाने दादरच्या एका लग्नाचे फोटो दाखवले. आवाजाशिवाय काढलेत म्हणे, कुणाला कळलंसुद्धा नाही. हॉलमध्ये एलईडी दिवे, त्यांचं आणि मुक्या शटरचं जमत नाही. नवरीच्या तोंडावर आडवे पट्टे. सप्तपदीत पट्टे. सासूबाई तर पूर्ण झेब्रा.

म्हणतो, "सेटिंग चुकलं रे." मी इतका हसलो की ही आतून बघायला आली. वर कमरेला बॅटऱ्यांचा बटवा. पान खाणाऱ्या म्हाताऱ्यांकडे असायचा तसा.

जाताना मात्र चपला घालत म्हणाला, "हस तू. तुझी पोरगी चालली ना अंधेरीला?" अर्धा चहा तसाच ठेवून गेला. नंतर फोटो आठवून परत हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

के.ने मला यूट्यूबवरचे ज्ञानी दाखवले. एकही जण फोटो काढत नाही. सगळे खोकी उघडतात. एक जण अर्धा तास झाकणाच्या स्क्रूबद्दल बोलला. त्याने आजवर कुणाच्या आजीचा फोटो काढलाय का, असं मी खाली लिहायला सांगितलं, तर के. म्हणाली कमेंट ऑफ आहेत. बरोबर.

आजचा शोध मात्र अमर आहे. मिररलेस मुका करता येतो, आणि मुका झाला की मेनूत जाऊन त्याला खोटा आवाज लावता येतो. रेकॉर्ड केलेला क्लिक! आधी आरसा काढायचा, मग आरशाच्या आवाजाची नक्कल विकायची. दात काढून कवळी बसवावी आणि तिचं कौतुक सांगावं तसं.

आवाज म्हणजे काय हे या लोकांना ठाऊक नाही. मला आहे. आपल्या लोकांना उभं केलं की ते श्वास धरतात, मान ताठ, पोट आत, डोळे वटारलेले. खट ऐकला की सुटतात. खांदे खाली येतात, बायका पदराशी चाळा करतात, नवरा नवरीकडे चोरून बघतो. तेव्हा मी दुसरा मारतो. पहिला फुकट, दुसरा खरा. माझ्या दुकानातल्या भिंतीवरचे सगळे फोटो दुसरे आहेत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पेडणेकरला तर मुळीच नाही.

मुक्या कॅमेऱ्यात हे कसं करणार? करून दाखवा म्हणावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सोन्याचा.

सावंतांच्या पूजाचा साखरपुडा, आमच्याच लालबागेत, चाळीतल्या खोलीत. के.ने भाड्याचा मिररलेस आणलेला. मी म्हटलं ग्रुप फोटो तू घे. (दुष्टपणाने म्हटलं, लिहून ठेवतो.) मधोमध खुर्चीवर सावंतांचे आजोबा, जुने गिरणी कामगार, गुडघ्यांवर हात, श्वास रोखून. मागे सगळा गोतावळा. के.ने काढले पाचसात. कुणाला पत्ता नाही. सगळे तसेच ताठ. आजोबा लाल व्हायला लागले.

"काढलंस काय गो?"

"हो आजोबा, झाले."

"आवाज येवक नाय."

के.ने घाईघाईत मेनूत जाऊन मेकॅनिकल शटर लावलं. आला आवाज. चुक. बारीक. आजोबांनी कान टवकारले आणि भिंतीकडे बघितलं. "ह्यां काय? पाल चुकचुकता तसां." झालं! नवरीच्या आत्याने तीनदा जमिनीवर बोटं टेकली, एक काकू कृष्ण कृष्ण करायला लागल्या, शुभकार्यात पाल चुकचुकली म्हणून मुलाकडची मंडळी एकमेकांकडे बघताहेत. कॅमेऱ्याचा आवाज आहे म्हणून के. सांगतेय, पण सांगून काय उपयोग, बोलून झालं होतं.

मी पुढे झालो. माझा काढला. खट. सगळ्या खोलीने श्वास सोडला. आजोबा म्हणाले, "ह्यो आवाज." मग दुसरा. पूजाने होणाऱ्या नवऱ्याच्या कॉलरवरचा तांदूळ उचलला तो क्षण मिळाला.

घरी येताना के. दोन पावलं मागे. मी पेढ्याचा पुडा हलवत चाललो होतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले. तिचे म्हणजे पासपोर्ट ऑफिसात अख्खं खानदान उभं. सांगितलं तसं. रडेल, भांडेल असं वाटलं होतं. छे. माझेच फोटो मोठे करून बघत बसली. पहिला, दुसरा, परत पहिला. काय शोधत होती कोण जाणे.

२३ नोव्हेंबर, रविवार

भोईवाडा. जाधवांकडचं बौद्ध पद्धतीचं लग्न, विहारात. बँड नाही, ढोल नाही, मंगलाष्टकांचा आरडाओरडा नाही. पांढऱ्या साड्या, फुलं, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, सगळे हात जोडून बसलेले. त्रिशरण सुरू झालं आणि मी पहिला मारला. खट. विहारात तो केवढा झाला! पुढच्या दोन रांगांनी मागे वळून बघितलं. परत मारला, परत माना वळल्या. बौद्धाचार्यांनी म्हणणं थांबवलं नाही, फक्त डोळे उघडून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मिटले. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. करणार काय?

मुलीचे वडील गेल्या वर्षी गेलेत. आई पुढे बसली होती, डोळे भरलेले. मी कॅमेरा तिच्याकडे नेला, आवाज झाला, बाईंनी चटकन डोळे पुसले आणि फोटोसाठी चेहरा केला. चांगला चेहरा केला. तोच माझ्याकडे आहे.

के.कडे त्याआधीचा आहे. ती कधी जवळ जाऊन बसली, कधी घेतला, मला कळलं नाही, बाईंनाही नाही. बाई लेकीकडे बघताहेत आणि ओठांनी पंचशील म्हणताहेत. रडताहेत आणि म्हणायचं थांबत नाहीत.

स्क्रीनवर दाखवला. मी म्हटलं, पदर सरळ नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हिने जेवताना विषय काढला. तिला एकदा चांगलं म्हटलं असतं तर काय गेलं असतं तुमचं, वगैरे. म्हटलं, चांगलं म्हणायला अंधेरीवाले आहेत की. तिथे सगळं ऑसम असतं.

के. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "पप्पा, फोटो निघतो तेव्हा तुमचा आरसा वर जातो. त्या क्षणी तुम्हाला काळोख दिसतो. तुम्ही काढलेला एकही क्षण तुम्ही स्वतः बघितलेला नाही. मी जाधवकाकूंना बघत होते."

खरं आहे. आरसा वर जातो, आत क्षणभर काळं होतं, खाली येतो. याला आम्ही कला म्हणतो. ती म्हणते मी बघितलेलं नाही. कार्टीला कुणी शिकवलं असलं बोलायला?

आमटीत मीठ कमी आहे म्हणालो. नव्हतं कमी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. घरात घट, नारळ, हिची पोथी. मी दुकानात. के. बाहेर गेली होती, मिररलेस काउंटरवर ठेवून. सहज उचलला. फक्त दोष शोधण्यासाठी.

दारातून समोरची मसाल्याची गिरणी दिसते. दुपारचं ऊन आत तिरपं येतं, मिरचीची पूड हवेत. माझ्या कॅमेऱ्यात हा लाल नेहमी भडक येतो, नंतर कॉम्प्युटरवर उतरवावा लागतो. या टीव्हीत बघितलं तर लाल, जसा आहे तसा. अंधारातली पोतीसुद्धा दिसत होती. एक फोटो काढला. काळोख झाला नाही. काढत असताना समोरची बाई शिंकली, ती शिंक मी बघितली.

पुसून टाकला. पण शिंक बघितली ती बघितलीच. दुपारभर चिडचिड.

खरं सांगायचं तर के. गेली तरी दुकान मी उघडीन. रोज उघडीन. कुणासाठी, हे मात्र सांगता येणार नाही. कॅमेऱ्यावर बोललो की हा विषय मागे पडतो, म्हणून बोलतो.

३० नोव्हेंबर, रविवार

पूजा सावंतचं लग्न, दादरचा हॉल. के.ला काल सांगितलं, आज मुका चालवायचा असेल तर चालव, ग्रुप मी घेणार. आजोबांपुढे परत पाल नको. ती म्हणाली बरं. एवढं मऊ बरं ती कधी म्हणत नाही. मी सावध व्हायला हवं होतं. आल्या आल्या दिवे बघून तिने मेनूत काही टिकटिक केलं, पेडणेकरसारखे पट्टे येऊ नयेत म्हणून.

अंतरपाट, अक्षता, सगळं नीट. मग ग्रुप. आजोबा मधोमध, आज फेटा. मागे तीन रांगा. मी स्टुलावर. श्वास धरले गेले. खट.

स्क्रीनवर काळं.

परत मारला. खट. परत काळं, खाली एरर. बंद करून चालू केला. आरसा आपटतोय, शटरचा पडदा उघडत नाहीये. गेला. माझा कॅमेरा माझ्या हातात, स्टुलावर, सावंतांच्या तीन रांगांसमोर मेला. काय सांगणार होतो त्या माणसांना? गेल्या पंधरवड्यात यांच्याच खोलीत मी छाती काढून उभा होतो.

बाजूला बघितलं. के. खांबाजवळ उभी, मिररलेस डोळ्याला. तिने माझ्या स्क्रीनचा काळा चौकोन बघितला असावा. कॅमेऱ्यामागून फक्त एवढंच म्हणाली, "पप्पा, दाबा."

हात वर करून इकडे बघा म्हटलं, परत श्वास धरले गेले. दाबला. खट. आजोबांनी श्वास सोडला, खांदे खाली आले, पूजाने मुंडावळ्या सारल्या, आत्या कशाला तरी हसली. मी मान वळवली नाही. मला माहीत होतं ती आत्ता घेतेय.

पुढचे सगळे ग्रुप तसेच. मामाकडचे, मुलाकडचे, चाळीचे, मैत्रिणी. मी एरर पुसायचा, बंद, चालू, हात वर करून इकडे बघा म्हणायचं, खट. लोक सुटायचे. बाजूने ती घ्यायची. आवाज माझा, फोटो तिचा. मी आता स्वतःच फुकटचा क्लिक झालोय, मेलेला कॅमेरा घेऊन स्टुलावर उभा असलेला. एवढा अपमान कुणी केला नव्हता, आणि एकदाही स्टुलावरून उतरावंसं वाटलं नाही.

आजोबा निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझो आवाज बरो असा."

टॅक्सीत विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, "कुणी कशाला सांगायला हवं? तुम्ही दोनदा दाबता. दुसऱ्या वेळी तुमचाही खांदा खाली येतो. शाळेत असल्यापासून बघतेय."

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी फोटो बघितले. आजोबा फेट्यात हसताहेत, दात नसलेले. माझ्या भिंतीवर या तोडीचा ग्रुप नाही. दोष शोधले. मागच्या रांगेतल्या एका माणसाच्या खिशाला पेन आहे. बस, एवढाच.

शेवटी एक फोटो भलत्याचाच. स्टुलावर कुणी म्हातारा. कॅमेरा छातीशी, खांदे सुटलेले, समोर बघून येड्यासारखा हसतोय. पहिल्यांदा ओळखलाच नाही. माझे घरातले सगळे फोटो ताठ आहेत, लग्नातलासुद्धा. ही मागून वाकून म्हणाली, मला असे दिसता तुम्ही, कधीकधी. मग पोळ्या करायला गेली.

पेडणेकरला फोन केला. बॅटऱ्या किती वेळ टिकतात विचारलं. तो हसायला लागला तसा ठेवून दिला.

केतकी नाश्त्याला बसली होती. समोर लॅपटॉप, अंधेरीवाल्यांचा मेल उघडा. शेजारी मिररलेस त्याच्या बॅगेत, पट्टा गुंडाळून ठेवलेला. मी चांगलं झालंय म्हणणार होतो. पेनाबद्दल बोललो.

ती म्हणाली, "हा आज परत करायचा ना?"

"बघू."

तिने मान वर केली. मग बॅग उघडली, बॅटरी काढली आणि चार्जिंगला लावली. अंधेरीला काय कळवलं ते मी विचारलेलं नाही. दुकान उघडायला जातोय. मेलेला कॅमेराही बरोबर घेतलाय.